गोदाक्काचा चार्ज

इंदूताई ‘छान’ म्हणाल्या की समजायचं, आपण माती खाल्ली. नाटकात नव्याने आलेली पोरं हा शब्द ऐकून खुशीत घरी जायची आणि मग आठवड्याभरात कुणीतरी जुना माणूस त्यांना बाजूला घेऊन खरा अर्थ सांगायचा. एखादी गोष्ट मनापासून आवडली तर त्या ‘बरं झालं’ एवढंच म्हणत, तेही तोंड फिरवून, पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं करत. मी कितीतरी वर्षं त्यांच्या चेहऱ्याला रंग लावला, पण ‘बरं झालं’ माझ्या वाट्याला क्वचितच आलं. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. अजूनही कुणी माझ्या कामाला छान म्हटलं की मी काय चुकलं ते शोधायला लागते.

माझं नाशिकला जेलरोडवर ब्युटी पार्लर आहे. नाटकाशी माझा काही संबंध नव्हता. एका दुपारी एक बाई कापडी पिशवी घेऊन आल्या आणि खुर्चीत बसल्या. मला वाटलं, फेशियलचं गिऱ्हाईक. त्या म्हणाल्या, “म्हातारी करायला सगळ्यांना येतं. केसांना पावडर लावली की झालं. तुला मला दमलेली करता येईल का?” मी म्हटलं, बाई, इथे बायका थकवा घालवायला येतात. तर म्हणाल्या, “मग तो चेहऱ्यावर कुठे बसतो ते तुला ठाऊक असणारच.” त्या संध्याकाळी त्यांच्या नाटकाच्या मेकअपच्या खोलीत मी पहिल्यांदा कुणाच्या तरी डोळ्यांखाली काळं लावलं, आणि त्यांनी आरशात न बघताच ‘छान’ म्हटलं. मला तेव्हा अर्थ माहीत नव्हता, त्यामुळे मी दुसऱ्या दिवशीही गेले.

आरशात त्या कधीच बघत नसत. मेकअपला बसण्याआधी गार पाण्याने तोंड धुवायचं, कोमट जिऱ्याचं पाणी प्यायचं, आरशाकडे पाठ करून बसायचं आणि डोळे मिटायचे. म्हणायच्या, “मी कशी दिसते ते लोकांना बघू दे. मी बघितलं की मला तेच आवडायला लागतं.” तालमीला सगळ्यांच्या आधी यायच्या आणि हॉल स्वतः झाडून काढायच्या. कुणी मदतीला आलं तर झाडू द्यायच्या नाहीत. आणि चहाच्या सुट्टीत कुणी आपली वाक्यं घोकताना दिसला, तर त्याच्या हातातला कप काढून घ्यायच्या. चहा पिताना चहाच प्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचे मिस्टर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइनवर होते. राहायला कॉलनीत. तिथल्या नाट्यमंडळात इंदूताई लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून होत्या. मंडळाची मोठी अडचण म्हणजे पाळ्या. तालमी रंगात याव्यात आणि नायक नेमका रात्रपाळीला जावा, खलनायकाची बदली विदर्भात व्हावी. त्यामुळे भूमिका सारख्या एकाकडून दुसऱ्याकडे जायच्या. आता वीज केंद्रात नियम असा, की पुढच्या पाळीचा माणूस येऊन चार्ज घेत नाही तोवर आधीच्याने जागा सोडायची नाही, मग घरी बारसं असो की मयत. तोच नियम मंडळात आला. भूमिका बदलली की जुन्या नटाने मेकअपच्या खोलीत नव्या नटाच्या कपाळावर रंगाचं पहिलं बोट लावायचं आणि म्हणायचं, ‘चार्ज दिला.’ नव्याने म्हणायचं, ‘चार्ज घेतला.’ सुरुवातीला ती थट्टा होती. पण थट्टेची रीत झाली की ती मोडायला कुणी धजत नाही. चार्ज न घेता उभा राहिलेला एक जण म्हणे पहिल्याच प्रवेशात पायरीवरून पडला होता. तो तसाही पडलाच असता, असं इंदूताई म्हणायच्या. पण बोट लावायला विसरायच्या नाहीत.

इथवर वाचून तुम्हाला त्या साध्वी वगैरे वाटल्या असतील तर तसं काही नव्हतं. नटीच होत्या त्या, आणि नटीला असतो तेवढा हेवा त्यांना होता. थोडा जास्तच. सगळ्यात जास्त होता तो सख्ख्या धाकट्या बहिणीचा, निमाचा.

मखमलाबादच्या पुढे त्यांच्या वडिलांचा फुलांचा मळा होता. गुलाब, शेवंती, झेंडू. पहाटे फुलं तोडून बाजारात पाठवायची आणि मग शाळा. निमा सात-आठ वर्षांनी धाकटी. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिला भाषण करायचं होतं तेव्हा इंदूताईंनी तिला झेंडूच्या वाफ्याच्या त्या टोकाला उभं केलं आणि स्वतः या टोकाला. निमाने बोलायचं आणि यांनी ओरडायचं, “नाय ऐकू आलं.” पुन्हा बोलायचं. पुन्हा नाय. पोरगी रडकुंडीला यायची पण सोडायची नाही. ही गोष्ट त्यांनी मला कितीदा तरी सांगितली आणि दरवेळी शेवटी तेच म्हणायच्या, “ऐकू यायचं गं मला. पहिल्यांदाच यायचं. पण मी नाय म्हणायचे.” का, असं मी विचारलं तर म्हणायच्या, “काय माहीत. लय सहज येत होतं तिला.”

निमा कॉलेजात असताना सुट्टीत बहिणीकडे राहायला आली आणि मंडळाच्या एका विनोदी नाटकात दोघींनी जावा-जावांची कामं केली. मी विंगेत पफ घेऊन उभी असायचे, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. निमाचं एक वाक्य होतं, अगदी साधं, पण ती ते असं टाकायची की नाट्यगृह हलायचं. पहिल्या प्रयोगाला टाळी आली. दुसऱ्याला जास्त आली. तिसऱ्या प्रयोगाला निमाचं वाक्य संपतं न संपतं तोच इंदूताईंनी आपलं वाक्य सुरू केलं. प्रेक्षकाने टाळीसाठी हात उचलावा आणि पुढचं ऐकायला परत मांडीवर ठेवावा. नाटकवाले याला टाळी खाणं म्हणतात, आणि यासारखं पाप नाही असंही म्हणतात, आणि सगळे खातात. इंदूताईंनी ती पुढच्या प्रत्येक प्रयोगाला खाल्ली. निमा एका शब्दाने बोलली नाही. शेवटच्या प्रयोगानंतर तोंड पुसताना मला एवढंच म्हणाली, “ताईला हल्ली फार घाई असते नाही?” त्याच वर्षी ती मुंबईला गेली.

पुढे निमाचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. मालिका, मग व्यावसायिक नाटकं, मग साड्यांच्या जाहिराती. म्हणून तर मी तिचं आडनाव लिहीत नाही आणि ज्या नाटकाबद्दल आता सांगणार आहे त्याचंही नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की तुमच्या डोळ्यांसमोर निमाच येईल, आणि हे लिहायला मी बसले ते इंदूताईंसाठी.

दोघींचं भांडण झालं नव्हतं. दिवाळीला फराळाचे डबे जायचे-यायचे, भाऊबीजेला मळ्यावर भेटी व्हायच्या. फक्त नाटकाचा विषय निघायचा नाही. आता दोघींच्या आयुष्यात नाटकाशिवाय फारसं काही नव्हतं, त्यामुळे बोलायला उरायचं ते म्हणजे शुगर, गुडघे आणि भावाची सून.

तर गोदाक्का. आमच्या मंडळाचे दिग्दर्शक देवरे, ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला. त्यांनी आणलेलं नाटक. गोदाक्का खानावळ चालवते, तिचा मुलगा परदेशात आहे आणि तो येणार म्हणून सगळं नाटकभर ती वाट बघते. शेवटी निरोप येतो की तो येणार नाही, आता कधीच येणार नाही. संहितेत तिथे गोदाक्काला मोठं भाषण होतं. इंदूताईंनी तालमीत ते भाषण म्हटलंच नाही. मुलासाठी वाढून ठेवलेल्या ताटासमोर त्या बसल्या, ताटात पहिल्यांदा वाढतात ते मीठ चिमटीत उचललं आणि परत बरणीत टाकलं. बस. एकदा ताटात वाढलेलं कुणी परत भांड्यात टाकतं का? देवरे रुमाल काढून नाक पुसत म्हणाले की भाषण कापलं.

ते नाटक स्पर्धेत गाजलं. मुंबईच्या एका निर्मात्याने अंतिम फेरीत पाहिलं आणि व्यावसायिक करायला घेतलं. लेखक तोच, दिग्दर्शक देवरेच. नट मात्र नाव असलेले हवे होते. देवरे हे सांगायला इंदूताईंच्या घरी आले तेव्हा मी तिथेच होते. बिचारे अर्धा तास द्राक्षांच्या भावाबद्दल बोलत होते. शेवटी इंदूताईंनीच विचारलं, “गोदाक्का कुणाला दिली?”

देवरे चहाच्या बशीकडे बघत म्हणाले, “निमाला.”

इंदूताई आत गेल्या. आम्हाला वाटलं, आता बाहेर यायच्या नाहीत. त्या पोह्यांच्या बशा घेऊन आल्या, वर खोबरं-कोथिंबीर घालून. “खाऊन जा,” म्हणाल्या. आणि देवरे दाराशी चपला घालत असताना म्हणाल्या, “छान निवड आहे.” देवरेंना तो शब्द कळत होता. त्यांनी मान वर केली नाही.

निमाने ती भूमिका जन्मभराची आपली करून टाकली. मिठाचा प्रसंग तिनेही ठेवला, आणि पेपरात सगळ्यात जास्त लिहून आलं ते त्याच प्रसंगाबद्दल. टीव्हीवरच्या एका मुलाखतीत तिला विचारलं की हे कुठून आलं, तर ती म्हणाली, “तालमीत सुचलं.” इंदूताई आणि मी सोफ्यावर शेजारी बसून ही मुलाखत बघत होतो. कुणाच्या तालमीत, कुणाला, ते तिने सांगितलं नाही. इंदूताईंनी रिमोट उचलून आवाज थोडा वाढवला, नीट ऐकलं आणि मग टीव्ही बंद करून त्या गॅलरीतले कपडे काढायला गेल्या. मला वाटतं तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांखाली काळं लावायची गरज मला पडली नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. चार्जचं राहिलं होतं. इंदूताईंनी गोदाक्काचा चार्ज निमाला दिला नव्हता. मुंबईच्या मंडळींना हे कुठलं माहीत असणार, पण या दोघी कॉलनीच्या मंडळात घडलेल्या. एकीच्या मनाने ती भूमिका अजून तिच्याच अंगावर होती, आणि दुसरी रोज संध्याकाळी चार्ज न घेता उभी राहत होती. नाटक पहिल्यांदा नाशिकला आलं तेव्हा निमाने मला केसांच्या मदतीला बोलावलं आणि विचारलं, “ताई येणार आहे का बोट लावायला?” मी म्हटलं, तूच फोन कर. ती म्हणाली, “मी बोलावलं आणि ती नाही आली तर मला आज उभंच राहता येणार नाही, मंगल.” इकडे इंदूताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “माझ्या घरातून नेलंय तिने, निदान हाक तरी मारावी. मी आपण होऊन जाऊ?” मी दोघींचे निरोप ने-आण करून इतकी कंटाळले की एकदा वाटलं, दोघींना खोलीत कोंडून बाहेरून कडी लावावी.

त्या दिवशी इंदूताईंनी तिकीट काढलं आणि बाल्कनीत मागे बसून अख्खं नाटक पाहिलं. निमाला भेटल्या नाहीत. दुपारचा प्रयोग होता, संध्याकाळी आम्ही रिक्षाने परत निघालो. द्वारका चौकाच्या सिग्नलला रिक्षा थांबली. त्या म्हणाल्या, “मी मीठ बरणीत टाकायचे. ती टाकत नाही, पाहिलंस? चिमटीत धरून ठेवते. पाहुणे येतात, ती त्यांना वाढते, बोलते, हसतेसुद्धा, आणि मीठ हातातच. शेवटपर्यंत.”

मी म्हटलं, हो.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. तोंड रस्त्याकडे होतं. “नुसतं चोरलं असतं तर मी भांडले असते गं. तिने पुढे नेलं. माझ्याच हातातलं घेऊन माझ्यापेक्षा पुढे. आता मी भांडू कुणाशी?”

हे निमाला सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. मी त्याच आठवड्यात सांगितलं. असल्या गोष्टी पोटात ठेवायला मी काही देव नाही. निमा फोनवर म्हणाली, “मला स्वतः सांग म्हणावं तिला.” म्हणजे पुन्हा तेच. एवढ्या मोठ्या बाया, आणि जी आधी पाऊल टाकेल तिचं नाक खाली जाणार होतं. अशी वर्षं गेली. मिस्टर रिटायर झाल्यावर कॉलनी सोडून त्या जेलरोडला राहायला आल्या, मग मिस्टर वारले. इंदूताईंच्या पायाला सूज यायला लागली, तालमी सुटल्या, वॉकर आला. मंडळाने दोन-तीन म्हाताऱ्यांची कामं देऊ केली. त्यांनी घेतली नाहीत. म्हणायच्या, “आधीचं काम उतरलं नाही अजून.”

गेल्या वर्षी निमाने ते नाटक सोडायचं ठरवलं. गुडघे बोलायला लागले होते. गोदाक्का आता सायली नावाची मुंबईचीच एक नटी करणार होती, आणि तिचा पहिला प्रयोग नाशिकला लावायचा हट्ट निमाने धरला. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती जेलरोडला इंदूताईंच्या घरी आली. कळवलं नव्हतं. मी तिथे मेथी निवडत बसले होते, इंदूताईही निवडत होत्या. निमा टीव्हीत दिसते त्यापेक्षा बरीच लहान वाटली. खुर्चीवर न बसता खाली आमच्याजवळच बसली आणि तिनेही एक जुडी पुढ्यात ओढली. मुंबईत इतकी वर्षं राहिलेली बाई बहिणीसमोर बसली की पुन्हा मळ्यातलं बोलायला लागायची.

“उद्या सायली उभी राहणार हाय,” ती म्हणाली.

“ऐकलं.”

“तिला चार्ज द्यायचाय.”

“मग दे की.”

“काय देऊ? माझ्यापाशी कुठं हाय?” निमाचा आवाज वर गेला. “तू दिलाच नाय कधी.”

“तू मागितला नाय.”

“आता मागते.”

इंदूताई पानं खुडत राहिल्या. जुडी संपल्यावर म्हणाल्या, “तू तर सोडून चालली. मग मधे तुझा हात कशाला? मीच देते त्या पोरीला.”

मला तिथून उठून जावंसं वाटलं. वाक्य शांतपणे आलं होतं, आणि इतकं क्रूर वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. निमाने इतकी वर्षं गावोगाव जे केलं ते सगळं त्या एका फटक्यात पुसायला निघाल्या होत्या. निमा उठली. साडीवरची पानं झटकली. दाराशी जाऊन थांबली आणि म्हणाली, “कॉलनीतल्या नाटकात माझी टाळी खायची तू. चुकून नाय. मुद्दाम.”

“हो,” इंदूताई म्हणाल्या. “मुद्दाम.”

निमा बघत राहिली. तिला वाटलं असणार, आता नाही म्हणेल, रडेल, काहीतरी होईल. काही झालं नाही. ती जिना उतरून गेली. इंदूताईंनी परात बाजूला सारली, भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, “राग धरायलासुद्धा अंगात ताकद लागते, मंगल. ती कधीच संपली. नुसती सवय राहिलीय.” मी विचारलं, मग उद्या काय करणार? त्या म्हणाल्या, रिक्षा सांगून ठेव. त्याहून जास्त त्यांनी काही सांगितलं नाही, आणि उरलेली मेथी मी एकटीने निवडली.

दुसऱ्या दिवशी चारचा प्रयोग होता. इंदूताईंनी कडक इस्त्रीची सुती साडी नेसली होती. वॉकर घेऊन मेकअपच्या खोलीपर्यंत जायला त्यांना फार वेळ लागला. वाटेत देवरे पाया पडायला वाकले, त्यांना ‘असू दे’ म्हणाल्या. आत सायली केस मागे बांधून, धुतलेल्या तोंडाने खुर्चीत बसली होती. निमा भिंतीशी उभी होती. तिने बहिणीकडे पाहिलं नाही, आणि मीही तिच्याकडे बघायचं टाळलं.

इंदूताईंनी सायलीला विचारलं, “पोटात काही आहे का?”

“नाही. प्रयोगाआधी जातच नाही काही,” पोरगी म्हणाली. घाबरलेली होती.

“माझ्याही पोटात जायचं नाही काही,” इंदूताई म्हणाल्या. मग वॉकर बाजूला ठेवून त्यांनी टेबलाचा आधार घेतला. “ऊठ जरा.”

सायली उठली. खुर्ची रिकामी झाली. इंदूताईंनी मान न वळवता म्हटलं, “निमे, बस.”

निमा आली आणि बसली. मी रंगाची डबी पुढे केली. एका हाताने टेबल धरूनच इंदूताईंनी बोट लावलं, त्यामुळे कपाळावर रेघ वाकडी उमटली. “चार्ज दिला,” त्या म्हणाल्या.

आता निमाने दोन शब्द म्हणायचे होते. या बाईला उभ्या जन्मात कधी विंगेतून वाक्य सुचवावं लागलं नव्हतं. तिचं तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. बाहेर स्टेजवर दिवे तपासणारा कुणीतरी हाका मारत होता. खोलीत मेकअपवाला, देवरे, सायली, मी, सगळे उभे. कुणाला काय करावं कळेना. इंदूताई टेबलाला धरून उभ्या राहिल्या. पाय सुजलेले, त्यांना तसं उभं राहणं जमत नव्हतं, ते दिसत होतं. पण त्या मधे बोलल्या नाहीत आणि कुणाला बोलूही दिलं नाही. निमाला लागला तेवढा वेळ त्यांनी तिला दिला.

“घेतला,” निमा म्हणाली.

मिठी वगैरे कुणी मारली नाही. निमा उठली, कपाळावरची रेघ तशीच ठेवून तिने सायलीला खुर्चीत बसवलं आणि रंगात बोट बुडवलं. ते बघायला इंदूताई थांबल्या नाहीत. त्यांनी वॉकर ओढून घेतला होता आणि मला चल म्हणत होत्या. मी म्हटलं, अहो, पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवलीय. त्या म्हणाल्या, “दुसऱ्या कुणाला दे. मला घरी जायचंय.”

बाहेर लख्ख ऊन होतं. लवकर आलेले लोक पायऱ्या चढून आत जात होते आणि आम्ही दोघीच उलट्या दिशेने चाललो होतो. रिक्षात बसल्यावर त्यांनी चपला काढल्या, डोळे मिटले. मला राहवलं नाही. मी विचारलं, “आता बरं वाटतंय का?”

“नाही गं,” त्या म्हणाल्या. “नुसतं मोकळं वाटतंय. इतकी वर्षं सांभाळलं, ते कशासाठी तेच आता आठवत नाही.”

घराशी उतरल्यावर त्यांनी माझा हात घेतला नाही. वॉकर खालीच ठेवला आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढायला लागल्या. मधे एकदा थांबल्या. मला वाटलं मागे वळून काही म्हणतील. त्या दम घेत होत्या. मग राहिलेला जिना चढल्या, आणि वर कुलूप उघडल्याचा आवाज आला.